मयतीचा रकाना

१८ नोव्हेंबर २००१

माझं नाव काढून टाकलं त्याने. सरळ काढून टाकलं!

दुपारी बूथवर कोणी नव्हतं म्हणून सहज ‘नाटे बंदर’ ही साइट उघडली. तळाला बारीक अक्षरांत असायचं – निर्मिती: नबीला आणि रेहान. आता नुसता रेहान. शेजारी त्याचा फोटो, टाय लावलेला. ज्या माणसाने आयुष्यात शर्टाचं वरचं बटण लावलं नाही तो टाय लावून हसतोय.

साइट माझी. जेटीचे फोटो माझे, गडाचे फोटो माझे, होड्यांची नावं मी नाट्याला जाऊन एकेकाला विचारून आणलेली. काशीरामकाकांनी त्यांच्या एसटीडी बूथमध्ये दोन कम्प्युटर टाकले आणि पाटीवर ‘सायबर’ रंगवलं, तेव्हापासून ते दुकान मी चालवते. सबंध पावसाळा गिऱ्हाइकं गेली की मी साइट बनवत बसायचे. रेहान, माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा, शेजारी खुर्ची ओढून बसायचा. ‘हा निळा जरा फिका कर.’ एवढंच काम. तीच साइट दाखवून साहेबांनी शारजात नोकरी मिळवली. आता पासवर्डही बदललाय. मी माझ्याच घराच्या बाहेर उभी.

२० नोव्हेंबर

नाट्याहून सईदा खाला, रेहानची अम्मी, आली होती. तिला सांगितलं तर हसली. ‘अगो, तुजा नाव काय नि त्याचा काय, घरातच ऱ्हायला ना?’

घरातच! आमच्या दोघांच्या लग्नाचं बोलणंही असंच घरातल्या घरात चाललं होतं. त्याचा व्हिसा आला आणि ते कोणी काढेनासं झालं. खालासुद्धा नाही. पण तिच्यावर राग धरता येत नाही मला. अम्मी गेल्यावर माझे केस तिनेच विंचरले. आजही येताना सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी घेऊन आली, तुला आवडतात म्हणून.

राग सगळा रेहानसाठी ठेवलाय. उट्टं काढल्याशिवाय राहणार नाही.

२५ नोव्हेंबर

नवीन साइट. नाव ‘किनारा’. तळाला मोठ्या अक्षरांत – निर्मिती: नबीला. एकटीच.

पानाखाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा असतो. रेहानच्या पानावर तो पाच हजारांच्या वर आहे. माझा तीन. तिन्ही वेळा मीच.

९ डिसेंबर

शोधून देणाऱ्या सगळ्या साइटवर नाव नोंदवलं. ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना मेल पाठवल्या. लोकांच्या गेस्टबुकात जाऊन ‘आमची साइटही पाहा’ लिहून आले. एक योजना अशी होती की आपण त्यांची जाहिरात लावायची आणि ते आपली लावतात. लावली. आज नाट्याच्या जेटीखाली कुठल्याशा परदेशी जुगाराच्या अड्ड्याची पट्टी लुकलुकत होती! तातडीने काढली. अब्बांनी पाहिलं असतं तर दुकानाचं शटर माझ्यावरच ओढलं असतं.

आलं कोणी? नाही.

१५ डिसेंबर

एक चांगलं केलं. गल्फमधल्या कम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. रेहानच्या पानावर चौकोनच चौकोन आहेत, आणि शहाण्याला ते सुधारायचं सुचत नाही. मी सगळं मराठी रोमन अक्षरांत लिहिलं. शिवाय साइटच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या छापल्या. बाजारपेठेत गल्फला जाणाऱ्यांचं सामान बांधून देणारा बाबल्या आहे, तो प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकतो. सुके बांगडे, कोकम, पापड आणि मी.

आकडा हलायला लागला.

२८ डिसेंबर

जेवताना अब्बांना विचारलं, तुम्ही जहाजावर होतात तेव्हा घरचं काय ऐकावंसं वाटायचं? मला वाटलं सांगतील, समुद्र, माड, काहीतरी. भाकरी मोडत म्हणाले, ‘कोण मेला, कोण जन्मला, कोणाचा लगीन झाला. दुसरा काय?’

आणि हे सगळं रोज माझ्या कानावर पडतं! बूथच्या काचेआड उभं राहून लोक गल्फला फोन लावतात, त्यांचा आवाज बाजारपेठेपर्यंत जातो. खबर माझ्या दारात चालत येते आणि मी होड्यांचे फोटो लावत बसलेय.

४ जानेवारी २००२

तीन रकाने केले. जन्म, लग्न, मयत. रोज सकाळी नवीन. मयत नसेल तर ‘आज मयत नाही, शुक्र आहे’ असं खुदाचे आभार मानून लिहिते.

२० जानेवारी

काय सुटलेत लोक! कुवेत, मस्कत, दोहा, सगळीकडून. एकाने लिहिलं, ‘बहिणी, आम्ही कामावर जाण्यापूर्वी आधी मयतीचा रकाना बघतो, मग चहा.’ बाकीचे दोन रकाने कोणी विचारत नाही.

रेहानही टाकायला लागला मयतीच्या खबरा. चोरच तो. पण त्याला उशीर होतो. शारजात बसून नाट्याची मयत कशी कळणार? मला तासाभरात कळते.

३० जानेवारी

मेल आली त्याची. एक ओळ. ‘कालच्या जन्मात मुलगा लिहिलंयस, मुलगी झाली आहे.’

म्हणजे वाचतोय! रोज वाचत असणार. सकाळी साडेनऊच्या सुमाराला शारजाहून एक जण येऊन जातो, कोण कुठून आलं त्या यादीत दिसतो तो हाच. टाय लावून बसतो आणि आधी माझं पान उघडतो. उत्तर दिलं नाही. मुलगी दुरुस्त केली.

१७ फेब्रुवारी

वाईट झालं आज.

आपल्याकडे परदेशातल्या माणसाला मयत एकदम सांगत नाहीत. आधी फोन जातो, तब्येत जरा नरम आहे, दुवा कर. मग त्याच्या खोलीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला खरं सांगतात. तो संध्याकाळी याला जेवायला घालतो, चार जण आजूबाजूला बसतात, आणि मग बोलतो. कोणाला हे माहीत नाही? मलाही होतं.

परवा महरीन बूथवर आली होती. वडील गेले होते तिचे. कुवेतला भाऊ नासिर, त्याला फोन लावून ‘नरम हायत’ म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून काचेला डोकं लावून रडली. मी तिला पाणी दिलं आणि रकान्यात खबर टाकली. नासिरने दुकानात मालकाच्या कम्प्युटरवर वाचली. गिऱ्हाइकांसमोर. खाली बसला तो उठेना, धरायला ओळखीचं कोणी नाही.

आज महरीन आली ती सगळ्यांसमोर बोलली, ‘माज्या भावाला सांगनारी तू कोन? तुजा आकडा वाढायला माजा बाप मेला काय?’

मी म्हटलं, खोटं तर लिहिलं नव्हतं. जीभ कशी वळली कोण जाणे.

ती गेल्यावर काशीरामकाका बराच वेळ काच पुसत होते. मग म्हणाले, ‘बाय, काचेच्या आत बोललेला काचेच्या आत ऱ्हायला हवा. त्याच्यावरच ह्यो धंदा हाय. परत असा झाला तर चावी ठेव नि घरी जा.’

१९ फेब्रुवारी

बूथवर ऐकलेलं टाकायचं नाही. ठीक. पण मशिदीत मयतीची खबर पुकारली की ते चारचौघांचं झालं. तिथून घ्यायला कोण अडवतं? तरीही रेहानच्या एक दिवस आधी होतं.

महरीन दुपारी रस्त्यात दिसली. तोंड फिरवून गेली. जाऊ दे.

१२ मार्च

रेहानला मागे टाकलं! माझा आकडा पुढे. दोघांची पानं शेजारी शेजारी उघडून पाहत बसले. काकांना दाखवलं. ‘चांगला झाला,’ म्हणाले आणि फोनचं बिल फाडायला गेले. मला वाटलं होतं जास्त आनंद होईल.

१४ एप्रिल

पेट्या निघाल्या. यंदा आंबा कमी, पण गल्फच्या प्रत्येक पेटीत गवतावर माझी चिठ्ठी. रेहानच्या कंपनीत आंबा जातो का बघायला हवं. पेटी उघडल्याबरोबर माझं नाव वाचू दे. मग खा म्हणावं हापूस.

२७ एप्रिल

सईदा खालाला इथे इस्पितळात आणलंय. पोटात पाणी झालंय. नाट्याला नुसते काढ्यावर दिवस काढत बसले होते.

रात्रीचा डबा मी नेते. आज भात पेजेसारखा कालवून भरवला. म्हणाली, ‘रेहान फोनवर सांगत होता, नबीलाची साइट चांगली चालली. रोज बघतो म्हनाला.’ मी म्हटलं, बघणारच. खालाने एक घास घेतला. मग म्हणाली, ‘तुजा नाव काढला तवा मी त्याला बोलले होते गो. तुला सांगितला नाय.’ मी भरवत राहिले. तेव्हाच का नाही सांगितलं म्हणून रागही आला.

३ मे

खालूंनी, म्हणजे रेहानच्या अब्बांनी, बूथवरून त्याला फोन केला. मीच लावून दिला. ‘जरा नरम हाय. दुवा कर.’ मी काचेच्या बाहेर उभी होते. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याने तिकडून मला द्यायला सांगितलं असावं. खालूंनी रिसीव्हर पुढे केला. मी मान हलवली, नाही म्हणून.

९ मे, गुरुवार

खाला पहाटे, फजरच्या नमाजाच्या वेळी गेली.

गाडी नाट्याला निघाली आहे, जनाजा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर. मी मागून जाणार. काकांनी बूथ उघडून दिला आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले. खालूंचं म्हणणं, रेहानला आज कळता कामा नये. तसाही तो मातीला पोचणार नाही. उद्या शुक्रवार, तिकडे सुट्टी, त्याच्या खोलीतली माणसं घरात असतात. आधी त्यांना सांगायचं, मग त्याला. तोवर कोणी काही बोलायचं नाही.

मशिदीत पुकारून झालंय. म्हणजे माझ्या नियमाने खबर टाकायला मोकळीक आहे.

खोटं का लिहू, हाच दिवस मी मागत होते. मयत नव्हती मागितली, खुदाची शपथ. पण असं काहीतरी मागितलं होतं की तो टाय लावून खुर्चीत बसलेला असावा, आजूबाजूला परके लोक, आणि माझ्या पानावरून त्याला असं काही लागावं की उठता येऊ नये. लिहिलीही मी ओळ. सईदा, राहणार नाटे. पुढे तिचं वय लिहायचं होतं. ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि वय माहीत नाही. तिथे रडू फुटलं.

ओळ पुसली. मग नेहमीची ओळ टाकायला गेले, ‘आज मयत नाही, शुक्र आहे’, तर हात पुढे जाईना. खाला गाडीत कापडाखाली आणि मी शुक्र आहे लिहू? शेवटी तो रकानाच काढून टाकला. जन्म आणि लग्न ठेवलं, खाली आंब्याचा भाव. पान नीट दिसतंय. येणाऱ्याला वाटेल आज मांडणी बदलली.

उद्या त्याच्या माणसांनी त्याला धरून सांगावं. माझं त्याच्याशी जे आहे ते नंतर बघेन. सोडलेलं नाही.

१० मे, शुक्रवार

पहिल्या एसटीने खालूंना घेऊन आले. काका म्हणाले, ‘कालपास्नं शारजाचा फोन वाजतोय. मी काय बोललो नाय.’ खालू पाणी पीत होते तेवढ्यात परत वाजला. मीच उचलला.

‘काल रकाना नाय,’ रेहान म्हणाला.

मी म्हटलं, काहीतरी बिघडलं असेल.

‘दुसऱ्या कोणाची मयत असती तर तू टाकली असतीस. अम्मी गेली ना?’

मी विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे?

‘कोण नाय. हापिसात आलोय, सुट्टीचा. तुजा पान परत बघायला.’