लेनिनग्राडचा खोकला

५ जानेवारी
संकल्प. यंदा सगळ्या रशियन टेपा कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि इंटरनेटवरच्या संगीतवेड्यांच्या ग्रुपला फुकट वाटायच्या. आपलं मन मोठं आहे. फक्त एक टेप द्यायची नाही. लेनिनग्राडच्या हॉलमधली चायकोव्स्कीची लाइव्ह सिंफनी. ऐंशी साली शॉर्टवेव्ह रेडिओपुढं माईक ठेवून मी स्वतः घेतलेली. एकट्यानं. जगात दुसरी कॉपी नाही. संथ भागात हॉर्न, म्हणजे ते पितळी वाद्य, एकटा वाजत असतो आणि हॉलमध्ये कोणीतरी खोकतं. लाइव्ह रेकॉर्डिंगची ओळख श्रोत्यांच्या खोकल्यावरून पटते, हे ग्रुपमधलं शेंबडं पोरही सांगेल. हा खोकला म्हणजे माझा शिक्का.

७ जानेवारी
ग्रुपवर त्या खोकल्याचा तुकडा टाकला. फक्त तुकडा. जपानवाला हरखला. अर्जेंटिनावाल्यानं तर निदानच केलं, की खोकणारा म्हातारा असावा आणि रशियन थंडीनं त्याची छाती भरली असावी. फिनलंडवाला मात्र गप्प. का गप्प? काहीतरी काळंबेरं आहे.

११ जानेवारी, रविवार
शिवप्पा आला. टेलिफोन खात्यात आम्ही एकाच टेबलाला होतो. तेव्हापासून दर रविवारी येतो, शेंगाचटणी आणतो, डोळे मिटून टेपा ऐकतो. आज निघताना म्हणाला, त्रिंबका, ती लेनिनग्राडची एकदा लाव की, लई दिवस झाले. नेमकी आत्ताच कशी आठवली? टेपेला बुरशी लागली म्हणून सांगितलं. थाप फार सहज जमली. त्याचं तोंड एवढंसं झालं. नाटकं सगळी.

१४ जानेवारी, संक्रांत
सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही. घर कोणाच्या भरवशावर सोडायचं? शिवप्पा तिळगूळ घेऊन आला. कपाटाकडं दोनदा बघितलं. तो गेल्यावर कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली ज्वारीच्या पिठात लपवली. भाकरी करताना ती मथुराच्या हाताला लागली. म्हणाली, उद्या मला बी कुलूप लावा. बायकोसुद्धा त्याच्याच बाजूची दिसते.

१९ जानेवारी
घात झाला! फिनलंडवाल्यानं तीच मैफल ग्रुपवर टाकली. पूर्ण. स्वच्छ. रेडिओची खरखर नाही. तोच हॉर्न, तीच लय. आणि खोकला गायब! चोर आधी शिक्काच पुसतो. आता टेप फिनलंडला पोचवली कोणी? माझ्याशिवाय ती ऐकलेला माणूस जगात एकच. शिवप्पाला फोन करून स्पष्ट सांगितलं, तू चोर आहेस, उद्यापासून माझ्या घराची पायरी चढू नकोस.  तो नुसतं बरं म्हणाला. खरा चोर असाच बोलतो. फोन ठेवल्यावर मोकळं वाटलं. जेवण गेलं नाही, पण ते मथुरानं आमटी तिखट केल्यामुळं.

२२ जानेवारी
फिनलंडवाल्याचं उत्तर. त्याची कॉपी म्हणे रशियन रेडिओच्या मूळ टेपेवरून आलीय. हॉर्नच्या सुरातून खोकला असा अलगद उचलून काढता येत नाही. तो तुमच्याच खोलीतला असावा, तेव्हा शेजारी कोण होतं, असं विचारतो. हॅ! कोणी नव्हतं. साक्षीला मथुराला बोलावलं, तुकडा ऐकवला. ती पावटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, हे तर शिवप्पा भावजी की. एरियलची तार हातात धरून खिडकीत उभे न्हवते का? तार सोडली की स्टेशन जायचं. शेवटपर्यंत तुमी त्यांना बसू बी दिलं न्हाय. बिचारे खोकले, तर कसे डोळे वटारले होते तुमी!
हे मी विसरलो होतो असं नाही. लक्षात नव्हतं, एवढंच.

२३ जानेवारी
ग्रुपला कळवलं, खोकला सोलापूरचा आहे. अर्जेंटिनावाल्यानं हसण्याची चित्रं पाठवली. निर्लज्ज.
टेप परत ऐकली. खोकल्यानंतर हॉर्न जरासा बुडतो आणि लगेच वर येतो. म्हणजे खोकतानाही शिवप्पानं तार सोडली नव्हती.  त्याला फोन करणार होतो. पण चूक त्याचीही आहेच की. मी चोर म्हटल्यावर त्यानं भांडायला नको? जाऊ दे, आपलं मन मोठं आहे. रविवारी येईलच.

२५ जानेवारी, रविवार
आला नाही. मथुरानं चहा दोनदा गरम केला, मग ओतून दिला. संध्याकाळी मीच फोन लावला. त्याच्या सुनेनं, महेश्वरीनं उचलला. मामा झोपलेत म्हणाली. मागं कोणीतरी खोकलं.
तो खोकला माझ्याइतका जगात कोणी ऐकलेला नाही.
बरं, झोपू द्या म्हटलं.