माझ्या भाषणातला खोकला

चंदनसार, विरार
नवरात्र, पाचवी माळ, २००४

आत्ताच घरी आलो. राग की आनंद, ठरत नाही.

गेल्याच आठवड्यात वाचनालयात मी गरजलो होतो, रिमिक्स म्हणजे दिवसाढवळ्या चोरी! आणि आज सोसायटीच्या गरब्यात स्पीकरवर माझाच आवाज. पाण्याच्या सभेतलं भाषण, ‘पाणी आमच्या हक्काचं!’, मागे ढोल, आणि प्रत्येक ओळीनंतर माझा खोकला. तोही तालात! ज्या खोकल्याने सभेत भाषणाचा विचका केला, त्यावर बायका टाळ्या देत होत्या.

तरातरा गेलो. शेजारच्या सावंतांच्या श्वेताने सभेत रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर केलं होतं हे सगळं.

“मला विचारलं होतंस?”

“काका, विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक भाषण दिलं असतं.”

ही फिदीफिदी हसली. माझीच बायको!

पण सभेला मोजकी माणसं होती. आज अख्खं मैदान ओरडत होतं. शिवाय माझ्या ओळीला गर्दीतून कुणीतरी पुढची जोडली, ‘टँकरवाल्याच्या बापाचं नाही!’ किती झणझणीत! मला का नाही सुचली? उद्याच्या पाण्याच्या मोर्चात मी ती घेणारच. पण कुणाला विचारून? मग चोर कोण, श्वेता की मी? वाचनालयातलं वाक्य मागे घेतो. नाव न घेता उचललं तर चोरी, एवढं मात्र सोडणार नाही. उद्या माइकवर श्वेताचं नाव आधी, आणि ती ओळ गरब्यातल्या गर्दीची, हेही सांगणार.

निघताना एक आजी म्हणाल्या, “उद्या आमी सगल्या येतो मोर्चाला. पन खोकला पायजे हां!”

खोकला तर बरा होत आलाय. ही स्वयंपाकघरातून विचारतेय, काढा ठेवू का?

नको म्हटलं. उद्या लागणार आहे.