जुन्या मशीनचं काय करायचं

पनवेल,
२२ नोव्हेंबर १९९८

चि. भगवान,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तुला बंगळूरची हवा मानवली हे वाचून बरं वाटलं.

मोठी फ्लॉपी पोचली. पोस्टमनने या वेळी दुमडून आणली नाही, नशीब. तू जाताना माझ्या गळ्यात मारून गेलास त्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघितली. अक्षरं पडद्यावर नीट दिसतात, पण छापायला दिलं की मशीन ढिम्म. म्हणजे दर सुधारणेला या म्हाताऱ्या मशीनसाठी वेगळी खटपट. तुम्ही चौघं तो मराठी टायपिंगचा प्रोग्राम सोर्ससकट, म्हणजे आतल्या सगळ्या कोडसकट, फुकट वाटता, वर रविवारही त्यातच घालवता. जुनी मशीनं सोडून देऊ, असं तुझे सोबती म्हणतात त्यात त्यांचं काय चुकलं?

तू लिहिलंस, पनवेलमध्ये एकाचं जरी अडत असेल तर मी त्यांच्याशी भांडेन. म्हणून चौकशी केली. टायपिंग क्लासच्या माधुरीने गणपतीआधीच नवीन मशीन घेतलं. उरला तुळशीराम, पळस्पे फाट्यावर ट्रकवाल्यांचे अर्ज छापून देतो तो. रिक्षाने त्याच्याकडे गेले. म्हणाला, "ताई, हाय ते चाललंय. नवीन नको आमाला." मी सांगितलं, बाबा, जुनं बंद नाही पडणार, फक्त यापुढे नवीन काही येणार नाही. तो खूश झाला, चहा पाजला.

तेव्हा त्याचं काही अडत नाही. अडतंय ते माझं.

मला कुठे काय छापायचंय, सांग? शाळेचं ऑफिस सुटलं तशी कामंही सुटली. पण तुझ्याकडे असलं जुनं मशीन नाही, म्हणून तू प्रत्येक फ्लॉपी तपासायला माझ्याकडे पाठवतोस आणि सोबत चार ओळी लिहितोस. आई गेल्यापासून या घरात माझ्या नावाने तेवढंच येतं. दिवाळीत तर "छपाई बघून कळव", एवढंच होतं. इतका राग आला मला! तरी छपाई बघितली आणि उत्तर दोन पानी लिहिलं. तू ते वाचलंस की नाही कोण जाणे.

बरेच लोक वापरतात, एवढ्यात सोडू नका, असं ठोकून द्यावंसं वाटलं होतं. तू मानलंही असतंस. पण माझ्या एकटेपणापायी परक्या पोरांचे रविवार का जाळू?

माझं मत विचारलंस, तर सोडून द्या. पुढचं सगळं नव्या मशीनपुरतं करा. मला फ्लॉपी पाठवू नकोस.

फार एकटं वाटतं रे. हे एवढं लिहायला मला तीन वर्षं तुझ्या प्रोग्रामच्या चुका काढत बसावं लागलं. आता काढायला चूकही उरणार नाही. तरी लिहिशील का?

काही काम नसतानाही तुझीच,
ताई