काजळीच्या वाट्याची पावडर

प्रिय आमच्या डॉक्टरीणबाई,

असं लिहिलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. तू हल्ली मांजरांची नखं कापतेस आणि कुत्र्यांचे कान साफ करतेस हे मला ठाऊक आहे, पण माझ्यासाठी तू गुरांचीच डॉक्टर. पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा सोडून, आणि तो कधीच माझं ऐकत नव्हता. बातमी आनंदाची आहे. इतकी, की काल मी चष्मा डोळ्यावर असताना तासभर घरभर शोधला आणि तुझ्या आईनं तो मुद्दाम शोधू दिला. फोनच केला असता, पण फोनवर तुझ्या बापाचं नाव निघालं की लगेच तुला कुणाचं तरी कुत्रं बोलावतं. कागद मध्येच ‘आजी, ठेवते हं’ म्हणत नाही. शाळा मी तिसरीत सोडली, त्यामुळे अक्षर गाईनं तुडवल्यासारखं दिसेल. तेवढं लावून घे.

तर आपला गोठा हलवायचा ठरला. रस्ता रुंद होणार म्हणून तो पाडणार आहेत, हे आईनं सांगितलंच असेल. नवा गोठा टेकडीपलीकडे, गाडीनं पाऊण तास. गाई दहा, आणि त्यात ठमी आठ महिन्यांची गाभण. हे ठरलं त्या दिवसापासून मी रात्री दोनदा उठून ठमीला बघून यायचे. कारण तुला माहीत आहे. आपली काजळी गेली तेव्हा तीही आठ महिन्यांचीच गाभण होती. कानात बिल्ले मारायचे म्हणून गाईंना त्या पाइपांच्या खोड्यात घालत होतो, मागून तुझा बाप काठी आपटून ओरडत होता आणि ‘बाबा, ओरडू नका’ म्हणून तूही ओरडत होतीस, म्हणजे ओरडणारे दोघं झाले. काजळी घसरली, उठली, पुन्हा घसरली, आणि मग पडल्या पडल्या पाय असे मारायला लागली जशी पोहतेच आहे. तू आधी उन्हाचा त्रास समजून पाणी ओतलंस. मग सुई लावलीस, आणि सुई शिरेत असतानाच ती गेली. तेव्हा तुझा बाप चारचौघांत जे बोलला ते मी पुन्हा लिहिणार नाही. ‘तुझ्या सुईनं मेली’ एवढंच लिहिते, कारण तेवढंच तू बॅगेत भरून दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. त्याला अकरा महिने झाले. तू आईशी बोलतेस, माझ्याशी बोलतेस, आणि हा बाबा भिंतीला टेकून, आपण वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवत, सगळं ऐकतो. वर्तमानपत्र परवाचं असतं.

या वेळी मी ठरवलं, तुझ्या कागदाप्रमाणे करायचं. तोच, गाईंना काय घालायचं, कसं हलवायचं ते लिहून तू गोठ्याच्या खांबाला चिकटवून गेली होतीस तो. तुझा बाप म्हणाला, काढ तो तिथून. मी म्हटलं, तुझे हात काय लुळे पडलेत, तूच काढ. त्यानं काढला नाही. मग तीन आठवडे आधीपासून दहाच्या दहा गाईंना क्षारांची पावडर सुरू केली, दुभत्या असोत की भाकड, कुणाला सोडलं नाही. बाकीच्यांनी मुकाट खाल्ली. ठमी मात्र! पावडर लावलेला कोंडा पुढे ठेवला की फुर्रकन फुंकर मारायची आणि सगळं माझ्या तोंडावर. चार दिवस मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होते. शेवटी कोंडा भिजवून त्यात पावडर आणि वर थोडा गूळ, असं गोळे करून हातानं भरवलं. तुझी आई म्हणाली, आम्हाला नाही कधी इतक्या लाडानं भरवलंत. मी म्हटलं, तू कधी फुंकर मारलीस का?

गाडीवाल्याकडून चढायची फळी आठवडाभर आधी मागून आणली. ती वाजते ना धाडधाड, म्हणून तिच्यावर पेंढा पसरला आणि रोज त्यावरच वैरण टाकली. पहिल्या दिवशी एकीनंही पाय ठेवला नाही. पाचव्या दिवशी त्यावर जागेवरून भांडणं. तुझा बाप लांबून बघायचा. पण सहाव्या दिवशी मी पोचायच्या आधी कुणीतरी पेंढा बदललेला होता.

परवा पहाटे उजाडताच पहिल्या तीन गाई न्यायच्या ठरल्या, ठमी मधली, मागेपुढे तिच्या ओळखीच्या दोघी. पहिली चढली. ठमी अर्ध्या फळीवर गेली आणि थांबली. मान ताठ, डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं, आणि गुडघ्यापाशी कातडी थरथरायला लागली. गाडीवाल्याला पुढे दुसरं भाडं होतं. त्यानं दोनदा हॉर्न मारला, मग खाली उतरून म्हणाला, आजीबाई, हिची शेपटी पिळली की बघा कशी पळते. त्यानं शेपूट धरलंसुद्धा. तुझ्या बापाच्या हातात काठी होतीच. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आणि त्यानं काठी खाली ठेवली आणि गाडीवाल्याचं मनगट धरलं. जोरात नाही. हळूच म्हणाला, सोड, ती आपणहून जाईल, तुला घाई असेल तर तू चालत जा, गाडी ठेवून जा. मग आम्ही तिघं नुसतेच उभे. मी वाकून, म्हणजे गुडघ्याच्या नाकावर टिच्चून, ठमीच्या तोंडाच्या उंचीवर डोळा आणला. तिला काय दिसतंय ते बघायचं असतं ना, तूच लिहिलंयस. तर गाडीत आतल्या कडीला त्या गाडीवाल्याचा पिवळाजर्द रेनकोट लटकत होता आणि वाऱ्यानं अंगात भूत शिरल्यासारखा हलत होता. काढायला लावला. ठमीनं एक लांब श्वास सोडला, शेण टाकलं, अगदी गाडीवाल्याच्या बुटावर, आणि चढली.

पण खरी घालमेल पुढेच होती. पलीकडे उतरवल्यावर ठमी चार पावलं चालली आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. अंगाला कापरं, कान थंड, तोंडाला फेस. मला वाटलं, झालं, आता ही पडणार आणि पोहायला लागणार. तुझा बाप पांढराफटक. त्याच्या तोंडून ‘पुन्हा तेच’ एवढंच निघालं. तिथल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं, ते अर्ध्या वाटेवर होते, फोनवरूनच विचारत होते. कितवा महिना? आठवा. पळवली का, मारली का? नाही. मग विचारलं, मिनरल मिक्श्चर, म्हणजे ती क्षारांची पावडर, चालू आहे का, रोज, हिला स्वतःला? तुझ्या बापानं फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, हो, तीन आठवडे, माझ्या हातानं. ते म्हणाले, मग बहुतेक नुसती बिचकली आहे. सगळे लांब व्हा, सोबतीण समोर बांधा, पाणी ठेवा, मी येतोच, सुया बरोबर आणतोय. आम्ही भिंतीआड जाऊन बसलो. तुझा बाप डोकं गुडघ्यात घालून. मी फटीतून बघत. किती वेळ गेला, देव जाणे. मला तर एक बाळंतपण होऊन जाईल इतका वाटला. मग ठमीनं मान खाली घातली, पाणी प्यायली, आणि जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रवंथ! अगं, रवंथ करायला लागली! मी भिंतीआड इतक्या जोरात ‘अगंबाई’ म्हटलं की तुझ्या बापानं माझं तोंड दाबलं. डॉक्टर आले, तपासलं, रक्त घेतलं, काल निरोप आला की रक्तात सगळं जिथल्या तिथे आहे. त्यांनी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं तुम्हाला? मी म्हणणार, तेवढ्यात तुझा बाप म्हणाला, माझ्या मुलीनं.

आता ज्यासाठी पेन्सिल हातात घेतली ते. काजळी पडली होती तेव्हा तूही मला हेच विचारलं होतंस, आजी, हिला पावडर देतेस ना रोज? आणि मी म्हटलं होतं, हो तर. दिली नव्हती गं. एकदाही नाही. पावडर फक्त दुभत्यांना घालत होते. भाकड गाय दूध देत नाही, तिला कशाला, म्हणून तिच्या वाट्याची दूध देणारीला. मला वाटायचं मी हुशारी करतेय. माझ्या त्या ‘हो’वर तू विश्वास ठेवलास, म्हणून रक्तातले क्षार कमी पडल्याचा तो आजार तू मनातून काढून टाकलास आणि पाणी ओतत बसलीस, आणि सुईला उशीर झाला. तू चुकली नाहीस. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसले, आधी भीतीनं, मग लाजेनं, मग सवयीनं. परवा भिंतीआड बसल्यावर तुझ्या बापाला हे सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो उठला, नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, आई, तुझं तू तिला कळव, माझं मी तिच्यासमोर उभा राहून सांगेन, ऐकून घेणार असेल तर. उरलेल्या सात गाई आज जायच्या होत्या. त्यानं गाडी परत पाठवली. तू येतेस की नाही ते कळवेपर्यंत थांबू, म्हणतो. तुला मांजरंच बरी वाटत असतील तर तसं कळव, आम्ही हळूहळू नेऊ, मी काही म्हणायची नाही. माझ्यावर राग धरायचा असेल तर तोही धर, तो मला झेपेल. पण ती गाय आता तुझ्या माथ्यावरून उतरव आणि माझ्या माथ्यावर ठेव.

तुझीच, आणि तू बोलली नाहीस तरी तुझीच,
आजी