मरायला नकार देणाऱ्या पेशी

रविवार, वडनेर भोलजी

दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. केमोलाही न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या मूळपेशी आमच्या औषधाने मेल्या, निरोगी पेशी मात्र जिवंत! मरणाची वाट कर्करोगाच्या पेशींनी आतून बंद केली होती, ती आम्ही उघडली. हे जमणार, मला खात्री आहे.

आत्या वांगी चिरत होती. तिचा बरा झालेला कर्करोग पुन्हा उलटलाय. तिलाच आधी सांगितलं.

"माह्या कामी येईन काय ते?" वांग्यावरून नजर न काढता तिने विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं का? म्हणालो, "वर्षं लागतील, आत्या."

निम्मी वांगी तशीच टाकून ती उठली आणि माझी बॅग माझ्यापुढे आणून ठेवली.

"मंग इथं काऊन बसून राह्यला? उद्याच जाय."