रेवड्यांवरची कुस्ती

देवळाली प्रवरा
१२ जानेवारी २०२५

ती. छबूआत्यांना,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कसं, असं वाटेल. तुमच्या कानांशी फोनवर बोलायचं म्हणजे मला अंगणात उभं राहून ओरडावं लागतं, आणि बोलणं तुमच्याआधी आमच्या गल्लीला कळतं. आजचं बोलणं गल्लीसाठी नाही.

इकडे सगळे ठीक. ऊसतोड जोरात आहे, त्यामुळे तुमचे भाचे कारखान्याच्या ऑफिसातच मुक्कामाला असल्यासारखे असतात. आप्पांचा गुडघा थंडीने धरतो. पण सकाळी तालमीत जाऊन नव्या पोरांवर खेकसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

काळजी आहे ती ओमची. येत्या मार्चमध्ये त्याला सहा पुरी होतील. बोलायला लागला तर ऐकत बसावं, पण हातापायांचं आणि त्याचं जमत नाही. सपाट फरशीवर पडतो. शर्टाचं एक बटण वर, एक खाली. चेंडू दोन्ही हातांच्या मधून निघून जातो. दुधाचा पेला त्याने घेतला की मी फडकं घेऊनच उभी राहते. शाळेतल्या बाई म्हणतात, पोरगं हुशार आहे, पण हात मागे राहतो. हल्ली खेळायला जा म्हटलं की त्याचं पोट दुखतं, आणि ती पोटदुखी नसते हे मला कळतं.

आप्पांच्या मते ही अशक्तता. म्हणून रोज खारकांचं दूध, तूप, बदाम आणि वर उठाबशा. त्यामुळे ओम चांगला गुबगुबीत झालाय आणि पूर्वीपेक्षा जोरात पडतो. कळस म्हणजे, चैत्रातल्या जत्रेत नातू रेवड्यांवर कुस्ती खेळणार असं आप्पा पारावर सांगून बसलेत. मोठ्या कुस्त्यांआधी लहान पोरं लावतात आणि दोघांनाही ओंजळभर रेवड्या देतात, तीच ती. बाकीच्यांची ती गंमत असते. आमचा ओम मात्र आतापासून झोपेत दचकतो, आणि नाही म्हटलं तर आजोबा रुसतील म्हणून व्हय व्हय म्हणतो.

मी त्याला नगरला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे, कान, स्नायू सगळं नीट आहे म्हणाले. तो सातव्या महिन्यात झाला, महिनाभर काचेच्या पेटीत होता, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रांगला का, असंही विचारलं. कुठला रांगतोय! धक्का लागेल म्हणून सासूबाईंनी त्याला मांडीवरून खाली सोडलाच नाही, मग एकदम वॉकरमध्ये. शेवटी विचारलं, घरात आणखी कुणाला लहानपणी असं होतं का. माझ्या माहेरी कुणाला नाही. आप्पा म्हणतात, आमच्या रक्तात असलं काय न्हाई, सूनबाई पोटुशी असताना स्कुटीवर पतसंस्थेत कामाला जायची, त्याचं हे फळ. आत्या, ते वाक्य मला घासाघासाला आठवतं.

सासूबाई आता नाहीत. ह्यांना विचारलं तर आठवत नाही म्हणतात आणि उठून जातात. तुम्ही ह्यांना सांभाळलंत, तेव्हा काय ते तुम्हीच सांगा.

थंडीत कानटोपी घालत जा. लोभ आहेच, तो ओमच्या वाट्याला थोडा जास्त द्यावा.

तुमची,
स्नेहल


पारनेर
२० जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा कोण गेलं म्हणून मी ओट्यावर बसकणच मारली. पुढच्या वेळी पाकिटावर सगळे खुशाल असं लिहीत जा, म्हणजे म्हातारी उभ्याने पत्र घेईल.

आधी तुझ्या स्कुटीचं बघू. मी सुनीलच्या वेळी तुमच्याकडेच होते. त्याची आई स्कुटीवर बसली नव्हती, बैलगाडीतसुद्धा बसली नव्हती. दिवस पुरे भरून पोर झालं, चांगलं वजनदार. तरी ते दोन वर्षांचं होत आलं तेव्हा चालायला लागलं. चौथीपर्यंत चड्डीची नाडी मी बांधून द्यायची. सायकल नववीत आली, तीही माझं कुंपण दोनदा मोडून. तुझा नवरा बिनलेसचेच बूट का घालतो, हे कधी विचारलंस का? वरातीत सगळी मित्रमंडळी नाचली आणि नवरदेव घोड्यावरून उतरला नाही, त्याला तुम्ही लाजाळू म्हणालात. तो लाजाळू नाही ग. त्याला पाय कुठे पडेल याचा भरवसा नसतो. तेव्हा रक्तात काही नाही म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या लेकाकडे बघावं.

आता सुनील जे सांगत नाही ते सांगते. सात वर्षांचा असताना बन्सीने, तुझ्या सासऱ्याने, त्यालाही रेवड्यांवर लावला होता. समोरच्या पोराने सलामीला हात पुढे केला, आणि आमचं लेकरू स्वतःच्याच पायात पाय अडकून तोंडावर पडलं. कुणी हातही लावला नव्हता. सगळं मैदान हसलं. पैलवानाचं पोर ना, म्हणून जास्तच हसलं. बन्सीने तोंड फिरवलं आणि घरी जाताना पोराच्या पुढे पुढे चालला. मी मागून त्याला घेऊन आले. तोंडात माती होती, ती थुंकायचीही त्याला भीती वाटत होती.

त्या उन्हाळ्यात सुनील माझ्याकडे सुटीला आला आणि परत जायला तयार होईना. दहावीपर्यंत राहिला. पारनेरची शाळा चांगली म्हणून ठेवला, असं लोक समजतात. शाळा बरी होती, इतकंच. बापलेक आजही कामापुरतं बोलतात ते तू बघतेसच. ओमचं तसं व्हायला नको, एवढंच मला वाटतं.

डॉक्टरांना हे सगळं सांग. बन्सीला मी वेगळं लिहिते आहे, घरात दोन दिवस वारं तापेल, तू आपली स्वयंपाकात राहा.

ओमच्या गालाला हात लावून माझी आठवण दे. पत्र थांबवू नकोस, मला वाचायला चष्मा लागतो, ओरडणारं माणूस लागत नाही.

तुझी आत्या,
छबू


पारनेर
२० जानेवारी २०२५

चि. बन्सी यास,
आक्काचे आशीर्वाद.

गुडघ्याला तेल लाव. ओमला जत्रेत कुस्तीला लावायचं नाही. तू पारावर काय बोललास ते पारावर जाऊन परत घे.

तू म्हणशील सुनेने कान भरले. माझे कान भरता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे, ते केव्हाच बंद झालेत. पण डोळे शाबूत आहेत, आणि सुनील पडला तेव्हा मी मैदानात होते. एक पोर तू मला देऊन बसलास. दुसरं सांभाळायचं माझं वय राहिलेलं नाही.

पोराला घेऊन नगरला डॉक्टरांकडे तू स्वतः जा. ते सांगतील ते ऐक, मध्ये बोलू नकोस. राग आला तर माझ्यावर काढ, सुनेवर काढू नकोस.

माया आहे म्हणून लिहिलं.

आक्का


देवळाली प्रवरा
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
बन्सीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही जेवणार नव्हतो, पण सूनबाईने वांग्याचं भरीत केलं होतं. असो. महिना उलटला तेव्हा कुठे लिहायला बसलोय.

नगरला जाऊन आलो. डॉक्टरांनी मुलांकडून हातापायांचा सराव करून घेणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. वयाने आपल्या सूनबाईएवढी, पण बोलायला ठाम. तिने ओमला मणी ओवायला लावले, एका पायावर उभं केलं, पिशवी झेलायला दिली. मी मध्ये बोललो नाही. एकदाच बोललो, की याला ताकद कमी पडतीय. ती म्हणाली, आजोबा, ताकद भरपूर आहे. पुढचं काम कसं करायचं याची मांडणी डोक्यात होते, ती हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. आपण न बघता बटण लावतो, त्याला दर वेळी ते नव्याने शोधावं लागतं, म्हणून तो दमतो.

मी विचारलं, चूक कुणाची. ती म्हणाली, एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. लवकर जन्मलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, घराण्यात असेल तर जास्त, मुलींपेक्षा मुलांत जास्त. जमिनीवर खेळायला मिळालं नाही तर सराव कमी पडतो, पण मांडीवर घेतल्यामुळे झालं असंही नाही. स्कुटीचं मीच विचारलं. त्याचा काही संबंध नाही म्हणाली. परत येताना एसटीत सूनबाई खिडकीकडे तोंड करून रडत होती. राहुरीला गाडी थांबली तेव्हा उसाचा रस घेऊन दिला.

बरा कधी होईल विचारलं, तर म्हणाली हा ताप नव्हे उतरायला. काम बारीक तुकड्यात शिकवायचं, एक तुकडा जमला की पुढचा, हसायचं नाही, घाई करायची नाही, दमला की सोडायचं. आक्का, हे ऐकून मला तालीम आठवली. आमच्या वस्तादांनी मला सुरुवातीला डाव शिकवलाच नव्हता. फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, अंग गोल, हात मोडून घ्यायचा नाही. तालमीतल्या प्रत्येक पोराला मी तेच शिकवतो. आपल्याच पोरांना ते उपजत येणार असं धरून चाललो.

मॅडमला हे सांगितलं, तर मऊ मातीत हळूहळू करा म्हणाली. आता पोरं गेल्यावर ओमला तालमीत नेतो. आधी दोघं मिळून माती उकरतो, तो खुरप्याने. मग लोळण. डावीकडे जातो म्हणतो आणि उजवीकडे जातो. मी हसत नाही. तो हसतो.

पारावर अजून बोललो नाही. जमत नाही, एवढंच लिहितो.

भावाची आठवण ठेव, राग ठेवू नकोस.

बन्सी


देवळाली प्रवरा
१६ एप्रिल २०२५

ती. छबूआत्यांना,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर सगळे खुशाल लिहिलं आहे, ते पाहिलंत ना?

जत्रा झाली. आप्पा शेवटपर्यंत पारावर काही बोललेच नाहीत. जत्रेच्या दिवशी पटका बांधून पंच म्हणून मैदानात उभे राहिले आणि मी बायकांच्या बाजूला देवाचं नाव घेत बसले. ओम माझ्या मांडीत, माझा पदर घट्ट धरून. हे लांब, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे होते. दरवर्षी तिथेच उभे राहतात. आता मला कारण कळलं होतं.

रेवड्यांच्या कुस्त्या सुरू झाल्या आणि निवेदकाने बन्सी पैलवानांचा नातू म्हणून ओमचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. आप्पा चालत निवेदकाकडे गेले आणि माइक मागून घेतला. म्हणाले, माझा नातू यंदा खेळनार न्हाई, त्याचं शिकनं चालू हाय. कुणीतरी मागून ओरडलं, घाबरला व्हय पैलवान? आप्पा म्हणाले, पोरगं घाबरलेलं न्हाई. न शिकवता पोराला मैदानात उतरवलं आन ते पडलं, तर चूक वस्तादाची आसती, पोराची कधीच नसती. हे बोलताना ते ओमकडे बघत नव्हते. रसाच्या गाड्याकडे बघत होते.

मग त्यांनी माइक दिला, पुढची जोडी लावली, आणि लोक विसरूनही गेले. मी गाड्याकडे पाहिलं तर हे तिथे नव्हते. घरी आले ते जेवणाच्या वेळी. आप्पांकडे न बघता जेवून उठले. मला वाटलं, जखमेला उगीच हात लागला.

आज सकाळी आप्पा ओमला घेऊन तालमीत गेले आणि ओमची पाण्याची बाटली घरी राहिली. ती द्यायला मी गेले, तर दाराशीच थांबले. आत हे होते. ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट कडेला काढलेले, मातीत उभे. आप्पांना म्हणत होते, मलाबी शिकवा पडायला.

आप्पांनी जवळ जाऊन ह्यांच्या मानेवर हात ठेवला, हनुवटी छातीला लावून दिली आणि म्हणाले, डोकं सांभाळ, बाळा. आत्या, लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आप्पांनी ह्यांना बाळा म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. हे लोळले ते तिरकेच गेले. ओम टाळ्या वाजवत म्हणाला, आप्पा, बाबाला पन नीट येत न्हाई! आणि ते दोघे, बापलेक, मातीत बसून मोठ्याने हसले.

मी आत गेले नाही. बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि परत आले.

मे महिन्यात आम्ही सगळे पारनेरला येतो आहोत. आमच्यावरची माया आटू देऊ नका, आणि पत्राची वाट पाहायला लावू नका.

तुमची,
स्नेहल