रेताड मातीतली बिनखताची ओळ

बाबा,

रेताड मातीतल्या बटाट्याच्या ज्या रोपांना मी मुद्दाम ते काळं ह्युमेट खत देत नव्हते, त्यांना तुम्ही गुपचूप देत होतात. झारीच्या तळाशी काळा थर आज दिसला. "बिचारी खुरटलीत" म्हणून कळवळलात ना? अहो, त्यांचं खुरटणं हाच तर पुरावा होता! चिकणमातीत या खताने फरक पडला नाही. रेतीत पडतो का, ते आता कसं सांगू? खताची आणि बिनखताची, दोन्ही ओळी सारख्याच पोसल्यात.

कृषी संशोधन केंद्रावर खरं सांगायला निघालेय. बहुतेक माझ्याकडून प्रयोग काढून घेतील.

लहानपणी धाकटा अशक्त म्हणून माझं दूधही असंच त्याला पाजायचात. तेव्हा गप्प बसले, आज बसणार नाही.

जेवण झाकून ठेवलंय. झारी कुलपात आहे.